जुनी वेगवान गाडी घेताय? साताऱ्या-सांगलीतून तिचा भरवसा आणि खर्च कसा जोखायचा

नवी असताना चाळीस लाखांच्या घरात विकली गेलेली बीएमडब्ल्यू ३ सिरीज दहा वर्षांनी नव्या मध्यम एसयूव्हीपेक्षा कमी पैशांत मिळते. पोलो जीटी, ऑक्टाव्हिया, अबार्थ पुंटो यांचंही तेच. चांगलं पळणारं इंजिन आणि घाटात जमिनीला धरून राहणारी गाडी आपल्या बजेटात बसते आहे हे पाहिलं की हात शिवशिवतात. मात्र गाडीची किंमत वयानुसार उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांच्या गाडीचे ब्रेक, टायर, गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. म्हणून विकणाऱ्याने सांगितलेला आकडा बाजूला ठेवा आणि पुढच्या चार वर्षांत ही गाडी एकूण किती पैसे मागेल तो आकडा काढा. तो कसा काढायचा आणि गाडी प्रत्यक्षात कशी तपासायची, ते पुढे क्रमाने लिहितो.

आधी नकाशा, मग मॉडेल

पुण्या-मुंबईचे लोक आधी मॉडेल ठरवतात. आपल्याला ती चैन नाही. साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. सांगली-मिरजेला कोल्हापूर पन्नासेक किलोमीटरवर आहे हा त्यातल्या त्यात दिलासा. तेव्हा पहिलं काम हे करा: आवडलेल्या प्रत्येक कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब आहे आणि त्या गाड्या स्कॅनर लावून खरोखर दुरुस्त करणारा स्वतंत्र गॅरेजवाला जवळ कोण आहे, ते शोधा. एमआयडीसीतल्या दोन-तीन गॅरेजांत स्वतः जा आणि सरळ विचारा, ‘दादा, डीएसजी गिअरबॉक्स उघडता का? की पुण्याला पाठवता?’ (डीएसजी म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाची दोन क्लचची, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक पेटी.) प्रामाणिक माणूस लगेच खरं सांगतो. त्याच्याकडे जर्मन गाड्यांसाठीचा स्कॅनर आहे का, की नुसता सगळ्या गाड्यांना चालणारा साधा कोड-रीडर आहे, तेही बघा. साध्या रीडरवर इंजिनाचे कोड दिसतात. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅगच्या आतलं बरंचसं दिसत नाही.

या अंतराचा हिशेब टायरपर्यंत जातो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर चालवता येतं, असं कंपन्या सांगतात. पुण्यात राहणाऱ्याला ते पुरतं. साताऱ्यात पंक्चर झालं तर त्या ८० किलोमीटरमध्ये पुणे येत नाही. त्यात रन-फ्लॅटची बाजू इतकी कडक असते की ती रिमवरून काढायला चांगलं मशीन लागतं, आणि बाजूलाच कट बसला तर टायर टाकूनच द्यावा लागतो. हायवेलगतच्या पंक्चरवाल्याकडे तो आकार मिळेल ही आशा धरू नका.

कुठली गाडी कुठे दुखते

प्रत्येक गाडीची दुखणी ठरलेली असतात. ती आधी माहीत असली की तपासताना नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांत इंजिनापेक्षा गिअरबॉक्सची चौकशी आधी करा. ‘डीएसजी’ नावाखाली वेगवेगळे गिअरबॉक्स येतात आणि त्यांच्या भरवशात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सात गिअरचा डीक्यू २०० कोरड्या क्लचचा आहे. म्हणजे त्याच्या क्लच-प्लेट तेलात बुडालेल्या नसतात. पोलो जीटी टीएसआय (१.२ लिटर; टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन), २०१३ नंतरची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय आणि पुढे आलेल्या स्लाव्हिया-व्हर्टस १.५ डीएसजी यांत हाच आहे. ट्रॅफिकमध्ये आणि चढावर रांगत चालवलं की त्याचा क्लच तापतो. त्याचं मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भाग, हे त्याचं बदनाम दुखणं. ते बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. ऑक्टाव्हिया आरएसमध्ये मात्र तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे: २३० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्ती) गाडीत सहा गिअरचा, २०२० च्या आरएस २४५ मध्ये सात गिअरचा. तो जास्त टॉर्क आणि जास्त उष्णता सोसतो. बदल्यात सहा गिअरवाल्याला दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलून हवं असतं. ते बदलल्याचं बिल नसेल तर बदललंच नाही असं धरून चाला.

इंजिनाच्या बाबतीत सालाकडे लक्ष द्या. स्कोडा लॉराच्या काळातलं १.८ टीएसआय इंजिन तेल खाण्यासाठी आणि टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारी इंजिनातली साखळी) टेन्शनरसाठी, म्हणजे ती ताणून धरणाऱ्या भागासाठी, ओळखलं जातं. त्यानंतरच्या पिढीत, म्हणजे २०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियात, या दोन्ही तक्रारी बऱ्याच कमी झाल्या. तिथे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या घरातून कूलंट गळतंय का ते बघायचं. पैसे बेताचे असतील तर माझा कौल २०२० नंतरच्या पोलो १.० टीएसआयला आहे. ताकद ११० पीएस, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर सहा गिअरची साधी टॉर्क-कन्व्हर्टर पेटी, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पोचवणारी. ड्युअल क्लचची धाकधूक नाही, आणि घाटात ती मनापासून पळते.

फियाटच्या १.४ टी-जेट इंजिनावर माझा जीव आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१५ च्या अबार्थ पुंटोत ते १४५ पीएस देतं. इंजिन साधं, दणकट. पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे इनटेक पोर्टमध्ये उडतं, त्यामुळे डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत व्हॉल्व्हवर साठणारा कार्बनचा थर इथे साठत नाही. गिअरबॉक्स मॅन्युअल. खरी अडचण सुट्या भागांची आहे. फियाटने भारतातली गाड्यांची विक्री केव्हाच थांबवली. फिल्टर, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट मिळतात. बंपर, हेडलाइट, आतली ट्रिम यांसाठी महिनोन्‌महिने शोधाशोध करावी लागते. घरात दुसरी गाडी असेल आणि वाट बघायची तयारी असेल, त्यानेच अबार्थ घ्यावी. टाटाच्या टियागो जेटीपीलाही (टियागोची वेगवान आवृत्ती) हेच लागू. तिचं मूळ इंजिन कुठल्याही टाटाच्या वर्कशॉपला कळतं, पण जेटीपीपुरते वेगळे असलेले भाग आता दुर्मिळ आहेत.

मारुतीची बलेनो आरएस (२०१७ ते २०२०, १०२ पीएस, पाच गिअरची मॅन्युअल, चारही चाकांना डिस्क ब्रेक) आणि ह्युंदाईची आय२० एन लाइन (२०२१ पासून, १२० पीएस) या दोघींची जमेची बाजू म्हणजे सर्व्हिस. कराड, विटा, इस्लामपूर, कुठेही अडलात तरी मारुती-ह्युंदाईचं वर्कशॉप जवळ असतं. एन लाइनमध्ये ड्युअल क्लच टाळून २०२३ नंतरची सहा गिअरची मॅन्युअल मिळाली तर डोळे झाकून तिच्याकडे वळा. अर्थात तपासणी उघड्या डोळ्यांनी.

बीएमडब्ल्यूत इंजिनाचा कोड हीच गाडीची जन्मपत्रिका. जुन्या ३२० डीमधल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती वाजू लागली की मोठी खोलाखोल अटळ. ३२८ आय मधल्या एन२० पेट्रोलमध्ये चेनच्या प्लॅस्टिक गाइड झिजतात. त्यानंतरचं बी४८ (नंतरच्या ३३० आय मधलं) आणि सहा सिलिंडरचं बी५८ (एम३४० आय मधलं, ३८७ पीएस) ही दोन्ही मजबूत निघाली आहेत. त्यांत तेलाच्या फिल्टरच्या हाउसिंगची गळती आणि कूलंटची पातळी तपासा. झेडएफची आठ गिअरची पेटी उत्तम आहे. बीएमडब्ल्यू तिचं तेल ‘आयुष्यभराचं’ म्हणते, पण पेटी बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदला असं सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

खर्चाची वही

आता वही घ्या आणि प्रत्येक गाडीला एक पान द्या. पेट्रोलपासून सुरुवात करू, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. वर्षाला ९,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर धरा. १३ चं ॲव्हरेज देणाऱ्या छोट्या टर्बोला वर्षाचे साधारण ७२,७०० रुपये लागतात. ९ चं देणाऱ्या मोठ्या इंजिनाला १,०५,००० रुपये. फरक वर्षाला बत्तीस हजारांचा, महिन्याला सत्तावीसशेचा. जाणवेल, पण याने कुणी बुडत नाही. बुडतो तो एका मोठ्या कामाने.

म्हणून पानाच्या वरच्या भागात दरवर्षीचा ठरलेला खर्च लिहा: पेट्रोल, सर्व्हिस, विमा, टायरचा वार्षिक वाटा. टायरचा वाटा काढायला चार टायरची किंमत भागिले ते किती वर्षं पुरतील. ऊस गळीत हंगामात रस्त्यावरच्या चिखलाने आणि खड्ड्यांनी कमी उंचीच्या टायरचं आयुष्य आपल्याकडे कमीच धरावं. विम्यात थर्ड पार्टीचा सरकारी दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७, जीएसटी वेगळा. याहून महत्त्वाचा प्रश्न झिरो डेप्रिसिएशनचा, म्हणजे भागांच्या वयाची घट न कापता क्लेम देणाऱ्या जादा विम्याचा. गाडी पाच वर्षांची झाली की बऱ्याच कंपन्या तो द्यायचं टाळतात. तो नसेल तर क्लेममध्ये प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आजच्या गाडीचं नाक सगळं प्लॅस्टिकचंच असतं. गाडी ठरवण्याआधी तिचा नंबर टाकून दोन-तीन कंपन्यांचे कोटेशन काढा.

पानाच्या खालच्या भागात ‘मोठी कामं’ लिहा. त्या मॉडेलची तीन संभाव्य मोठी कामं निवडा. उदाहरणार्थ डीक्यू २०० साठी मेकॅट्रॉनिक, क्लच-पॅक आणि सस्पेन्शनची पूर्ण दुरुस्ती. प्रत्येकाचं कोटेशन अधिकृत आणि स्वतंत्र अशा दोन्ही ठिकाणांहून लेखी घ्या. त्यात ती गाडी पुण्याला किंवा कोल्हापूरला फ्लॅटबेडवर न्यायचं भाडंही धरा. तिन्ही कामं निघतीलच असं नाही. पण सगळ्यात महागड्या एका कामाचे पैसे गाडी घेतल्याच्याच दिवशी बँकेत वेगळे काढून ठेवता येत नसतील, तर ती गाडी तुमच्या बजेटात नाही. या एका कसोटीवर यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात. आठ लाखांची जर्मन गाडी अडीच लाख राखून घ्यायची, की साडेदहा लाखांची नवीन एन लाइन घ्यायची, असा तो खरा प्रश्न असतो. बहुतेकांसाठी दुसरं उत्तर बरोबर ठरतं.

कागद

कागदांचं काम कंटाळवाणं, पण घरबसल्या होतं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की मालकाचा क्रमांक, विम्याची मुदत, बँकेचा बोजा दिसतो. राज्याच्या ई-चलनच्या साइटवर थकलेले दंड दिसतात. मागच्या विमा पॉलिसीची प्रत मागा. त्यात नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य दिसला तर गेल्या वर्षी क्लेम झाला होता का, हे विचारायचं कारण मिळतं. विमा कंपनीच्या कार्यालयात मालकासोबत गेलात तर क्लेमचा इतिहासही कळतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबरवर सगळ्या भेटींचे किलोमीटर नोंदलेले असतात. तो प्रिंट मालकाला काढायला लावा.

एमएच-१२ किंवा एमएच-१४ ची गाडी एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१० कडे आणताना पुन्हा रोड टॅक्स लागत नाही. दिल्ली किंवा कर्नाटकातली गाडी स्वस्त दिसते, पण तिथली एनओसी आणून महाराष्ट्राचा टॅक्स भरावा लागतो. पेट्रोलला इथला दर किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला त्याहून जास्त. गाडीच्या वयाची सूट मिळते, तरी मूळ किंमत मोठी असली की रक्कमही मोठीच होते. दिल्लीतल्या डिझेल गाड्या दहा वर्षांच्या मर्यादेमुळे बाहेर काढल्या जातात, त्यामुळे त्यांचा भाव पडलेला असतो. तो फरक टॅक्स आणि वाहतुकीतच संपतो का, ते आधी मांडून बघा.

पुराची गाडी ओळखणं

हे मी मुद्दाम लांबवतो, कारण आपल्या भागात याला पर्याय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या पाण्यात किती गाड्या उभ्या होत्या ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. त्यांतल्या काही धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि आजही हात बदलत आहेत. अशा गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरलेला ओलावा वर्षानुवर्षं काम करत राहतो. ज्या गाडीत पंचवीस-तीस कंट्रोल युनिट आहेत तिथे तो जीवघेणा ठरतो.

भर उन्हात काचा बंद ठेवून गाडी अर्धा तास उभी करा, मग दार उघडताच वास घ्या. कुबट वास आणि त्यावर एअर फ्रेशनरचा भडिमार असेल तर सावध व्हा. पुढचे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज वापरात न येणारा खालचा भाग कुणी धूत नाही, तिथे मातकट रेघ सापडते. सीटच्या खाली हात घालून रुळाचे बोल्ट चाचपडा; कोरड्या गाडीत तिथे गंज नसतो. स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यांत बघा, कृष्णाकाठचा काळा गाळ सुकल्यावर चिकटून बसतो आणि बोटाला पिठासारखा लागतो. मागच्या दिव्याच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ, फ्यूजबॉक्समधल्या पितळी टोकांवर हिरवा थर, डॅशबोर्डखालच्या स्पंजाच्या पट्टीत माती, यांतलं एक जरी सापडलं तरी भाव पाडून मागू नका, सौदाच सोडा. पुराची गाडी कुठल्याच भावाला स्वस्त नसते.

थंड इंजिन आणि यवतेश्वरचा चढ

भेटीची वेळ सकाळची घ्या आणि आधीच सांगा की गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कुणीतरी काहीतरी लपवायला ती आधी फिरवून आणली आहे, दुसऱ्या दिवशी परत या. थंड असेल तर मालकाला चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे उभे राहा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळीचा खडखडाट येतो का ऐका. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर तेल जळतंय. पांढरी वाफ थंडीत लगेच विरते. न विरता गोडसर वास देत राहिली तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत चिकट काळा गाळ साचलाय का बघा. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ‘नवेच टायर आहेत’ हे वाक्य तिथेच पडताळलं जातं.

मग चढ. साताऱ्यात समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढा. सांगलीकरांना पन्हाळा किंवा जोतिबाचा रस्ता सोयीचा. सुरुवातीला मुद्दाम हळू जा. डीएसजी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढवा आणि सीटमधून थरथर येते का ते अनुभवा. एखाद्या वळणावर जागा बघून थांबा आणि ब्रेक सोडून हलकेच निघा. क्लच झिजलेला असेल तर गाडी धक्का देत सुटते. मॅन्युअलला चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण पेडल दाबा. आरपीएम झरझर वाढले आणि वेग मात्र वाढला नाही तर क्लच घसरतोय. टर्बोची शीळ सरळ आणि मऊ असते, कर्कश किंवा रडवी असेल तर टर्बो बघायला लावा. वर पोचल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, मग चालू करा. तापलेल्या इंजिनाची सेन्सर आणि पेट्रोलपंपाची कुरबुर याच वेळी बाहेर येते. उतरताना सरळ, मोकळ्या जागी ब्रेक दाबून बघा: स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकलेल्या आहेत, आणि जोरकस गाडीच्या मोठ्या डिस्क स्वस्त नसतात.

खाली आल्यावर स्कॅन करा. साठलेले कोडच काय, वेगवेगळ्या युनिटमध्ये नोंदलेले किलोमीटरही वाचता येतात; मीटर मागे फिरवलेलं असेल तर कधीकधी एखाद्या युनिटमध्ये जुना आकडा राहून जातो. इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललंय का, म्हणजे रीमॅप झालंय का, ते त्याच तज्ज्ञाला बघायला सांगा. रीमॅप वाईटच असं मी म्हणणार नाही. पण डीक्यू २०० वर रीमॅप असेल तर मी ती गाडी घेणार नाही.

सौदा आणि पहिला महिना

तपासणीत निघालेल्या कामांचं कोटेशन समोर ठेवून भाव करा, ‘फायनल काय?’ विचारण्यापेक्षा कागद जास्त बोलतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. पूर्ण रक्कम रोखीने कधीही नको. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, तेव्हा तुमचा हप्ता विकणाऱ्यापेक्षा जास्त येईल.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि गरज असेल तर गिअरबॉक्सचं तेल बदलून टाका, आधी झालेलं असो वा नसो. तारीख आणि किलोमीटर वहीतल्या त्याच पानावर लिहा. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल चालतं का ते टाकीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये बघा, आणि रबरी पाइप व जोडांची तपासणी दर सर्व्हिसला करायला सांगा. विकणाऱ्याचा फास्टॅग काचेवर तसाच राहिला असेल तर त्याला तो बंद करायला लावा आणि आनेवाडी किंवा तासवडेचा टोलनाका यायच्या आत स्वतःचा लावून घ्या.